फक्त १२ व्होल्ट, डीसी

(मार्च १९८० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला, "तू काहीतरी बोलायचं आहेस, विषय सांग." मी म्हणालो, "खेळण्यातल्या रेल्वे इंजिनाची मोटर कशी बदलायची." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आपला मित्र म्हणाला, "अरे, आठवणी वगैरे काही नाहीत का?" मी म्हणालो, आठवणच सांगणार आहे, पण मोटरमधून सांगतो. दुसरं मला काही येत नाही. तुम्हाला माहीतच आहे, गेली छत्तीस वर्षं टेंभुर्णी रोडला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. माढा तालुक्यातल्या निम्म्या विहिरींच्या मोटरी माझ्या हाताखालून गेल्या आहेत. तिसरा फेज गेला की मोटर जळते, दाब कमी झाला की मोटर जळते, आणि जळली की ती माझ्याकडे येते. शेतकऱ्याचं नुकसान ते आमचं पोट, असा हा धंदा आहे.

आज टेबलावर जे काळं इंजिन ठेवलं आहे, ते तुमच्यापैकी बहुतेकांनी ओळखलं असेल. प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर असायचं. आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ते इंग्लंडहून आणून शाळेला भेट दिलं होतं. सोबत तीन डबे, रुळांचे तुकडे आणि लाल खोकं. वर्षातून एकदा, विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी, सर ते खाली काढायचे. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एक रिओस्टॅट, आणि टेबलावर रुळांचं लंबवर्तुळ. सर रिओस्टॅटची पट्टी सरकवायचे आणि इंजिन हलायचं. पालक लोक कुर्डुवाडीचे, म्हणजे निम्मे रेल्वेतलेच. त्यांना इंजिनाचं काय कौतुक असणार? पण तेसुद्धा वाकून बघत उभे राहायचे.

आपल्या गावच्या पोरांना गेज म्हणजे काय हे कधी शिकवावं लागलं नाही. स्टेशनच्या एका बाजूला साडेपाच फुटांची ब्रॉडगेज, दुसऱ्या बाजूला अडीच फुटांची बार्शी लाइट. १८९७ साली सुरू झालेली ती छोटी गाडी आपल्या लहानपणी वाफेवरच चालायची, आणि आषाढीला तिच्या टपावर डब्यातल्यापेक्षा जास्त माणसं असायची. त्यामुळे प्रदर्शनात इंजिन बघितल्यावर आपण सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता, "सर, याचं गेज किती?" सरांनी पट्टी लावून दाखवली होती. साडेसोळा मिलिमीटर.

त्या साडेसोळा मिलिमीटरची गोष्ट मला आता या वयात कळली, आणि ती मोटरचीच गोष्ट आहे, म्हणून सांगतो. युरोपात अशा छोट्या गाड्या खऱ्याच्या ८७ पट लहान करतात. त्या मापाने रूळ साडेसोळा मिलिमीटरचा होतो, हिशोब बरोबर बसतो. पण इंग्लंडचे जुने पूल आणि बोगदे अरुंद, त्यामुळे तिथली इंजिनंही अंगाने लहान. ती ८७ पट लहान केली, तर त्या काळची मोटर आत मावेना. मग त्यांनी काय केलं? रूळ तोच ठेवला आणि इंजिनाचं अंग तेवढं वाढवलं, ७६ पट लहान केलं. म्हणजे इंग्लंडमधल्या पोरांच्या गाड्या आजही जरा अरुंद रुळावर चालतात, का, तर मोटर मोठी होती म्हणून. एका मोटरने सगळ्या देशाच्या खेळाचं माप ठरवलं. आम्हा रिवाइंडिंगवाल्यांना हे ऐकून छाती फुगवावीशी वाटते.

आपलं इंजिन ट्राय-अँग हॉर्नबी या कंपनीचं, मार्गेट गावच्या कारखान्यातलं. खरं इंजिन शंटिंगचं. लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेने १९२४ ते १९३१ या काळात अशी ४२२ इंजिनं घेतली. तिकडे त्याला लाडाने 'जिंटी' म्हणतात. सहा चाकं, दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या. आपल्या यार्डात दिवसभर डबे ढकलत बसणारं इंजिन असायचं ना, त्याच जातीचं. एक्स्प्रेस ओढण्याचा मान त्याला नव्हता.

आता मूळ मुद्दा. हे इंजिन १९७८ च्या प्रदर्शनात चाललं नाही. तुम्हाला आठवत असेल. नववीत होतो आपण. सरांनी रिओस्टॅट सरकवला, इंजिन जागचं हललं नाही, आणि नंतर ते पुन्हा कधीच कपाटातून बाहेर आलं नाही. वर्गात बोललं गेलं की प्रयोगशाळेच्या मामांच्या हातून काहीतरी झालं. मामांकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली गेली आणि त्यांना खाली फाटकावर आणि घंटेवर लावलं.

ते इंजिन मामांनी बिघडवलं नव्हतं. मी बिघडवलं होतं.

हे वाक्य म्हणायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली. आता निघालं तोंडातून, तर पुढचं सगळं सांगतो.

प्रदर्शनाला दोन दिवस होते. शनिवार, सकाळची शाळा सुटली होती. मामा वरची प्रयोगशाळा पुसत होते. मी तक्ते लावायला थांबलो होतो. मामा बादली घेऊन खाली जाताना म्हणाले, "पाणी बदलून येतो. कशाला हात लावू नको, बाळा." टेबलावर रूळ मांडलेला होता. इंजिन त्यावर. बॅटऱ्या चार्जिंगला गेल्या होत्या. पण शेजारी ट्रान्सफॉर्मर होता, सहा, बारा, चोवीस असे खुंट असलेला. मी मनाशी म्हटलं, बॅटरी बारा व्होल्टची, हाही बारा व्होल्टचा. बारा म्हणजे बारा. जोडलं.

इंजिन हललं नाही. नुसतं गुरगुरलं. मला वाटलं, अडकलं आहे. बोटाने ढकललं, तरी तेच. मग मी बाराची वायर काढून चोवीसला लावली. गुरगुर वाढली, आणि थोड्या वेळाने टोपाच्या खालून धुराची एक बारीक रेघ वर आली. जळलेल्या वार्निशचा वास. तो वास आता मी रोज घेतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा घेतला.

आज माझ्या दुकानातला नवशिका पोरगासुद्धा सांगेल काय झालं ते. ही मोटर डीसीची. आत कायमचं लोहचुंबक, त्याचे ध्रुव ठरलेले. तारेतून प्रवाह एका दिशेने गेला तर आर्मेचर एका बाजूला फिरतं, उलटा गेला तर उलट फिरतं. एसी म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा पुढे आणि पन्नास वेळा मागे. मोटर बिचारी दोन्ही हुकूम ऐकते आणि जागच्या जागी थरथरते. फिरत नाही, आणि वीज मात्र खात राहते. त्या सगळ्या विजेची उष्णता होते. उभी मोटर फिरत्या मोटरपेक्षा लवकर जळते.

मी वायर काढल्या, खिडकी उघडली, आणि मामा वर यायच्या आत जिन्यावरून खाली गेलो. जिन्यात ते भेटले. हातात भरलेली बादली होती. माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. वर गेल्यावर त्यांना वास आलाच असणार.

सोमवारी चौकशी झाली. मामांनी एवढंच सांगितलं, "खोली माझ्या ताब्यात होती." माझं नाव घेतलं नाही. मी आठ दिवस वाट बघत होतो की आता घेतील, आता घेतील. त्यांनी ते कधीच घेतलं नाही. फाटकाजवळ टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ते घंटा द्यायचे आणि मी खाली बघत आत यायचो. दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी मी सगळ्यांच्या पाया पडलो, त्यांच्याही पडलो. तेव्हा म्हणाले, "लायटीचं काम शिकायचं म्हणतोस ना? शीक. पण वायरीला हात लावायच्या आधी इचारावं, बाळा." बस्स.

मी आयटीआयला गेलो, पुढे दुकान टाकलं. एकदा मामा स्वतः दुकानात आले होते. टेबलफॅन जळला होता. मी तो भरून दिला. सगळ्यात चांगली तार घातली, बुश बदलले, रंगसुद्धा मारला. पैसे नको म्हणालो. त्यांनी गल्ल्यावर नोटा ठेवल्या आणि म्हणाले, "कामाचं घ्यावं." मला त्या वेळी बोलता आलं असतं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी नोटा मोजून गल्ल्यात टाकल्या. त्यानंतर दोन वर्षांनी मामा गेले.

गेल्या दिवाळीत या मेळाव्याच्या तयारीसाठी आपण चौघे-पाचजण शाळेत गेलो होतो. जुनी प्रयोगशाळा रिकामी करून तिथे संगणकाची खोली करायची होती. भंगाराचा ढीग व्हरांड्यात पडला होता आणि त्यात ते लाल खोकं होतं. मुख्याध्यापक बाईंना विचारलं, "हे मी दुरुस्त करून आणून देऊ का?" त्या म्हणाल्या, "न्या, काका." या वेळी विचारून नेलं.

घरी आणलं तेव्हा मनात एकच होतं. जळलेली मोटर भरायची. दहा-दहा एचपीच्या मोटरी भरणाऱ्या माणसाला ही अंगठ्याएवढी मोटर म्हणजे काय! मागचा स्क्रू काढून काळा टोप उचलला. खाली ओतीव धातूची चासी, तिच्यावर उघड्या चौकटीची मोटर. मागे लोहचुंबकाचा ठोकळा, पुढे तीन ध्रुवांचं आर्मेचर, कॉम्युटेटरच्या दोन्ही अंगांना कार्बन ब्रश आणि त्यांना दाबून धरणारी एक स्प्रिंग. आर्मेचरच्या दांड्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे. ते खाली अक्षावरच्या पितळी दातेरी चाकात बसतात. वर्मचा एक फेरा झाला की चाक एक दात पुढे सरकतं. अशी ही साधी, सरळ यंत्ररचना. जुनं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं. टोप प्लॅस्टिकचा, तो बाजूला ठेवला आणि चासी रॉकेलमध्ये धुतली. चाकं मोकळी फिरायला लागली.

मग आर्मेचर काढून भिंगाखाली धरलं, आणि तिथे मी थांबलो.

तीन ध्रुवांवर तीन कॉइली असतात. तीनपैकी दोन कॉइलींची तार जुनी, काळपट तपकिरी, कारखान्यातली. तिसऱ्या ध्रुवावर वेगळी तार होती, उजळ तांब्याच्या रंगाची. हाताने भरलेली. अर्धीच. थोडे वेढे झाले होते आणि तारेचं टोक पांढऱ्या दोऱ्याने बांधून, सुटू नये म्हणून आत खोचून ठेवलं होतं. कोणीतरी जळालेली कॉइल उकलून, नव्याने भरायला घेतली होती आणि मध्येच ठेवून दिली होती.

वेढ्याला वेढा लागलेला, एकही तार दुसरीवर चढलेली नाही. केसासारखी तार, आणि ती हाताने, यंत्राशिवाय. मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो, हे एका बैठकीचं काम नाही. दोऱ्याची गाठ बघितली आणि मला प्रयोगशाळेतली लंबकाची गाठ आठवली. सर, तुमची गाठ होती ती. लंबक घसरू नये म्हणून दोनदा फिरवून मारलेली.

आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती मात्र पोटात खड्डा पाडणारी होती. मोटर फिरत असताना जळली, तर तिन्ही कॉइली आळीपाळीने तापतात आणि सारख्याच काळ्या पडतात. उभ्या मोटरमध्ये तसं होत नाही. ब्रशच्या मध्ये जी एक कॉइल सापडते, तिच्यावर पूर्ण दाब येतो. बाकीच्या दोघी एकीमागून एक जोडलेल्या, त्यांच्या वाट्याला निम्मा-निम्मा. दाब निम्मा म्हणजे उष्णता चौथा हिस्सा. म्हणून एकच जळून कोळसा होते आणि दोन वाचतात. ज्याने हे आर्मेचर उघडून बघितलं, त्याला एका नजरेत कळलं असणार की मोटर वापराने गेली नाही, पडून गेली नाही, फडक्याच्या पाण्याने तर नाहीच नाही. कोणीतरी तिला एसी जोडली आणि उभी जाळली. आणि मामा कधी ट्रान्सफॉर्मरला हात लावत नव्हते. तो सराव नववीच्या पोरांचाच.

म्हणजे सरांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी बार्शीला सरांच्या घरी गेलो. सर आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत, वय ब्याऐंशी, त्यांच्या परवानगीनेच सांगतो. मी डबी उघडून आर्मेचर त्यांच्या हातावर ठेवलं. सरांनी चष्मा कपाळावर सारून ते डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाले, "तार संपली होती. सोलापूरहून आणायची होती. तेवढ्यात तुमचा दहावीचा पोर्शन डोक्यावर आला."

मी म्हणालो, "सर, ते मी केलं होतं."

"माहीत आहे."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. मग मला खोटं बोलल्याची शिक्षा करावी लागली असती. मोटर जळली ती जळली, वर आणखी तू खोटारडा ठरला असतास." थोडं थांबून म्हणाले, "मामांच्या बाबतीत मात्र मी कमी पडलो. मोठ्या सरांना सांगायला गेलो होतो, की जबाबदारी खातेप्रमुखाची आहे, शिपायाची नाही. एकदाच गेलो. दुसऱ्यांदा जायला हवं होतं."

थोडा वेळ दोघंही गप्प होतो. मग मी विषय बदलायचा म्हणून मोटरचं बोलू लागलो. म्हणालो, सर, लोहचुंबकही ढिलं पडलं आहे. पेचकस लावला तर सहज सुटतो. एक तर त्या दिवशीच्या चोवीस व्होल्टने, आणि दुसरं असं की या जातीचं चुंबक चौकटीतून बाहेर काढलं, की तेवढ्यानेच त्याची बरीच ताकद जाते. काढताना दोन टोकांना लोखंडाची पट्टी लावून ठेवावी लागते.

सर म्हणाले, "मी तर ते काढून दोन महिने ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं."

मी काहीच बोललो नाही.

सर हसायला लागले. म्हणाले, "म्हणजे निम्मा गुन्हा माझ्या नावावर लिही."

घरी परत येताना एसटीत मी ठरवलं की ही मोटर भरायची नाही. भरता आली असती. चुंबकाला पुन्हा जोर देता येतो, तार आता सोलापूरलाही जायला नको, माझ्याच दुकानात आहे. पण तिसरी कॉइल नीट भरायची तर सरांनी भरलेले वेढे आधी कापून काढायला लागतात. मापात नसलेली, अर्धी तार तशीच ठेवून पुढे भरता येत नाही, आर्मेचरचा तोल जातो. आयुष्यात मी हजारो जळक्या कॉइली छिन्नीने तोडून काढल्या आहेत. या कॉइलीवर माझी छिन्नी चालेना. म्हणून मोटर बदलायची ठरवली.

आता बदलण्याचं काम थोडक्यात सांगतो. कोणाच्या घरी माळ्यावर असं इंजिन असलं तर उपयोगी पडेल.

पुण्याला बुधवार पेठेत जाऊन बंद डब्याची, बारा व्होल्ट डीसीची छोटी मोटर आणली. पहिली आणली ती चुकली. व्होल्ट बघितले, फेरे बघितले नाहीत. जोडल्यावर इंजिन असं उधळलं की पहिल्याच वळणावर रूळ सोडून टेबलावरून खाली. नशीब, खाली गादी घातली होती. तरी पुढचा एक हूक मोडला, तो तारेचा केला आहे, जवळून बघितलंत तर दिसेल. दुसऱ्या खेपेला कमी फेऱ्यांची मोटर आणली. शंटिंगच्या इंजिनाला पळता येण्यापेक्षा हळू चालता येणं महत्त्वाचं.

जुन्या दांड्यावरचा वर्म ओढून काढला, कारण तोच पितळी चाकाच्या दातांशी जुळलेला आहे. नव्या मोटरचा दांडा बारीक, म्हणून लेथवर पितळेचं बुश करून घेतलं आणि वर्म त्यावर बसवला. मोटर धरायला पितळी पट्टी वाकवून जुन्याच स्क्रूच्या भोकात बसवली. चासीला नवीन भोक पाडलं नाही. उद्या कोणाला जुनी मोटर परत बसवावीशी वाटली तर बसवता आली पाहिजे.

सगळ्यात नाजूक काम वर्म आणि चाक यांच्यातली फट. घट्ट बसलं तर मोटर गुदमरते, सैल बसलं तर दात घसरतात. तिथे जुनी युक्ती केली. पातळ कागदाची पट्टी दोघांच्या मध्ये घालून मोटर खाली टेकवली, स्क्रू आवळला, आणि मग चाक फिरवून कागद बाहेर काढला. कागदाच्या जाडीएवढी मोकळीक राहिली. संसारातही एवढीच लागते, असं माझी बायको शेजारून म्हणाली.

वायरिंगचं एक ध्यानात ठेवा. जुन्या मोटरमध्ये एक ब्रश थेट चासीला जोडलेला असतो आणि दुसऱ्याच्या स्प्रिंगला छोटी नळी घालून तो वेगळा ठेवलेला असतो. एका रुळाची वीज चाकांतून चासीत येते, दुसऱ्या रुळाची वेगळ्या पट्टीतून. नव्या मोटरची दोन्ही टोकं चासीपासून सुटी, म्हणून एक वायर चासीला आणि एक पट्टीला जोडावी लागते. माझ्या हातून पहिल्यांदा उलटी जोडली गेली आणि इंजिन मागे चाललं. वायरी अदलाबदल केल्या. चाकांचा आणि रुळांचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासला, अक्षांना तेलाचा एकेक थेंब दिला, आणि अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे असं मोकळं चालवलं. जुन्या काळी हे इंजिन निम्म्या अँपिअरच्या आसपास प्रवाह घेत असेल, आता माझ्या मीटरवर एक दशांश अँपिअरच्या जरा वर दाखवतं. आवाज मात्र थोडा बदलला आहे. पूर्वीची घरघर नाही. ती ऐकायला आलेल्यांची मी माफी मागतो.

माफीवरून आठवलं, असं म्हणणार नाही. तेवढ्यासाठीच तर उभा राहिलो आहे.

मामांची मुलगी आपल्याला तीन वर्षं मागे होती. आता माहेरी-सासरी दोन्हीकडच्या नातवंडांची आजी आहे. इंजिन चालू झालं त्या दिवशी मी तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. ताई बराच वेळ काही बोलली नाही. चहा आणून ठेवला. मग म्हणाली, "आण्णा घरी येऊन एवढंच म्हणाले होते, की आता बरं झालं, जिने चढायचे नाहीत, पायाला आराम." ते खरंच तसं होतं, की घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, हे तिलाही सांगता आलं नाही. मला क्षमा केली, असंही ती म्हणाली नाही. मी मागितली, पण ती देणं तिच्या हातात नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. निघताना मी विचारलं, "मेळाव्याला येशील का?" ती म्हणाली, "इंजिन चालणार असेल तर येते. आण्णांच्या तोंडून लई ऐकलंय त्याचं."

ताई आज आली आहे. मागे, दाराजवळ बसली आहे.

तर आपल्या सगळ्यांसमोर, सरांसमोर आणि ताईसमोर सांगतो. १९७८ साली प्रयोगशाळेतलं इंजिन मी जाळलं. मामांची त्यात काहीही चूक नव्हती. ज्यांनी ज्यांनी इतकी वर्षं तसं मानलं असेल, त्यांनी आजपासून ते मानू नये. स्मरणिकेत हे भाषण जसंच्या तसं छापा, अशी संपादकांना विनंती आहे.

हे इंजिन आजच्या कार्यक्रमानंतर शाळेच्या ताब्यात द्यायचं आहे. सोबत एक चांगला कंट्रोलर दिला आहे, आता बॅटऱ्या आणि रिओस्टॅट नको. खोक्याच्या झाकणावर मी आतून लिहिलं आहे, "फक्त १२ व्होल्ट, डीसी." जुनी मोटर शेजारच्या काचेच्या डबीत ठेवली आहे, अर्ध्या कॉइलीसकट, दोऱ्याच्या गाठीसकट. तिच्याबरोबरही एक चिठ्ठी आहे. त्यात मोटर कोणी जाळली, कोणी भरायला घेतली आणि दोष कोणाच्या माथी आला, हे तीन ओळींत आहे.

मुख्याध्यापक बाई मला म्हणाल्या, "कपाटाला कुलूप लावू या, मुलं हात लावतील." मी म्हणालो, बाई, कुलूप लावू नका. हात लावू द्या. फक्त आधी विचारायला शिकवा. आणि पोरगं विचारायला आलं, तर त्याला नाही म्हणू नका.

ताई, पुढे ये. या डाव्या हाताच्या बटणाने चालू होतं, आणि हा नॉब हळूहळू उजवीकडे फिरवायचा. सर, तुम्हीही या. गाडी सुटायची वेळ झाली.